स्कॅन आहेत, उत्तरे कुठे आहेत?

यकृताच्या कर्करोगावरचा उपचार लागू पडेल की नाही, हे उपचार सुरू होण्याआधीच संगणक सीटी स्कॅन पाहून सांगू शकेल, असे म्हणणारे शोधनिबंध गेल्या दहा वर्षांत मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाले आहेत. रुग्णालयांसाठी ‘एआय’ घ्यायचा उत्साहही सध्या सगळीकडे आहे. हा दावा पोकळ नाही. त्यामागचे शास्त्र खरे आहे आणि यकृताच्या बाबतीत तर ते इतर अवयवांपेक्षा अधिक कामाचे ठरू शकते. पण त्याचा उपयोग आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या रुग्णांना व्हायचा असेल, तर आधी एक गोष्ट लागते. ती आपल्याकडे नाही आणि ती कुठल्या कंपनीकडून विकतही मिळत नाही. स्कॅनमधल्या माणसाचे पुढे काय झाले, याची नोंद.

इथे यकृताचा कर्करोग म्हणजे यकृताच्या स्वतःच्या पेशींत सुरू होणारा, हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा नावाचा. आतड्यातून किंवा स्वादुपिंडातून यकृतात येऊन बसलेल्या गाठींचा हिशेब वेगळा असतो. हा कर्करोग सहसा धडधाकट यकृतात होत नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी, वर्षानुवर्षांची दारू, नाहीतर मधुमेह आणि वाढत्या पोटाबरोबर यकृतात साठलेली चरबी, यांपैकी कशाने तरी यकृत आधीच आकसून कडक झालेले असते. त्यालाच आपण सिरॉसिस म्हणतो. म्हणजे एकाच अवयवाचे दोन आजार एकाच वेळी सांभाळायचे असतात. एक ती गाठ, आणि दुसरे ती गाठ ज्यात आहे ते थकलेले यकृत. उपचार गाठीवर केला तरी त्याची किंमत थोडीफार यकृतालाही मोजावी लागते. म्हणून ‘करून बघू, काय बिघडते?’ हे वाक्य या आजारात चालत नाही. बरेच काही बिघडू शकते.

गाठ लहान असेल तर ती कापून काढता येते, सुई घालून जाळता येते, निवडक रुग्णांत यकृत प्रत्यारोपण करता येते. सरकारी रुग्णालयात येणाऱ्या पुष्कळांची ती वेळ टळून गेलेली असते. गाठ मोठी आहे किंवा एकाहून अधिक आहेत, पण आजार अजून यकृताबाहेर गेलेला नाही आणि मोठ्या शिरेत शिरलेला नाही, अशा रुग्णांसाठी जगभर जो उपचार सर्वाधिक वापरला जातो त्याचे लांबलचक नाव ट्रान्सआर्टिरिअल केमोएम्बोलायझेशन. बोलताना आम्ही त्याला ‘टेस’ म्हणतो. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी आत घालून ती यकृताच्या धमनीपर्यंत आणि तिथून गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांदीत नेतात. खसखशीच्या तेलापासून बनवलेल्या लिपिओडॉल नावाच्या आयोडीनयुक्त द्रवात कर्करोगाचे औषध मिसळून ते तिथे सोडतात आणि पाठोपाठ ती फांदी बुजवून टाकतात. गाठीला औषधही मिळते आणि तिचा रसदपुरवठाही तुटतो.

हे शक्य होते ते यकृताच्या एका वैशिष्ट्यामुळे. यकृताला रक्त दोन वाटांनी येते. सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून आणि उरलेले धमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र जवळजवळ सगळे रक्त धमनीतून घेते. धमनीची फांदी बुजवली की गाठ उपाशी मरते आणि आजूबाजूचे यकृत पोर्टल शिरेवर तग धरते. निदान धरायला हवे.

टेसने आयुष्य वाढते हे २००२ साली दोन चाचण्यांनी दाखवले. बार्सिलोनाच्या चाचणीत ११२ रुग्ण होते. दोन वर्षांनंतर टेस घेतलेल्यांपैकी ६३ टक्के जिवंत होते, न घेतलेल्यांपैकी २७ टक्के. हाँगकाँगच्या चाचणीत ८० रुग्ण होते. तिथे हेच आकडे ३१ आणि ११. दोन्हीकडे टेसची बाजू सरस ठरली, म्हणून उपचाराला मान्यता मिळाली. पण आकडे पुन्हा पाहा. उपचार एकच, साल एकच, आणि टेस घेऊनही एका शहरात ६३ तर दुसऱ्या शहरात ३१. बार्सिलोनातल्या रुग्णांत हिपॅटायटिस सी जास्त होता, हाँगकाँगच्या रुग्णांत हिपॅटायटिस बी होता आणि गाठी मोठ्या होत्या. उपचार लागू पडणे हे उपचाराइतकेच रुग्ण कोण आहे यावरही ठरते. हा मुद्दा पुढे संगणकाच्या बाबतीत पुन्हा लागेल.

टेसनंतर ताप, पोटदुखी, मळमळ हे बहुतेकांना थोडेफार होते आणि चार-पाच दिवसांत ओसरते. काहींचे यकृत मात्र त्या धक्क्यातून पूर्वपदावर येत नाही. पोटात पाणी होते, कावीळ दिसू लागते. गाठ मेली नसेल तर पुन्हा टेस, मग तिसऱ्यांदा, असे चक्र सुरू होते आणि प्रत्येक फेरीत यकृताची थोडी शक्ती खर्ची पडते. गेल्या काही वर्षांत रक्तवाहिनीतून द्यायची नवी औषधे आली आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या जोडीने एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण जुन्या सोराफेनिबच्या ५४.६ टक्क्यांवरून ६७.२ टक्क्यांवर नेले. पण ही चाचणी यकृत चांगले काम करत असलेल्या रुग्णांवर झाली होती. निष्फळ टेसमध्ये यकृत दमवून बसलेल्या रुग्णाला तो दरवाजा बंद होतो. टेस कोणाला लागू पडणार नाही हे आधी कळण्याचे मोल आहे ते इथे.

संगणकाला इथे विशेष वाव का आहे? बहुतेक कर्करोगांत गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय निदान होत नाही. यकृताचा हा कर्करोग त्याला मोठा अपवाद आहे. सिरॉसिस असलेल्या रुग्णाच्या शिरेत कॉन्ट्रास्ट सोडला की साधारण ३५ ते ४० सेकंदांनी, धमनीच्या टप्प्यात, गाठ भोवतालच्या यकृतापेक्षा जास्त उजळते. पुढे, सत्तर सेकंदांच्या आसपास आणि काही मिनिटांनी, यकृत उजळलेले असते तेव्हा ती फिकी पडते. हे नाट्य नीट दिसले तर तुकडा न काढताच निदान मान्य होते. त्यामुळे टेसला पाठवलेल्या बहुतेक रुग्णांच्या गाठीचा एक कणही प्रयोगशाळेत गेलेला नसतो. गाठ आक्रमक आहे की मवाळ, आत किती भाग जिवंत आहे, कडा बंदिस्त आहेत की पसरत्या, याची जी काही माहिती आहे ती स्कॅनमध्येच आहे. तिच्यातून आणखी काही पिळून काढता आले तर ते हवेच आहे.

मुळात उपचार लागू पडला म्हणजे काय, हे ठरवतानाच या आजाराने डॉक्टरांना एकदा चांगलेच चकवले आहे. २००० सालापासून कर्करोगाच्या चाचण्यांत गाठीचा व्यास मोजायची एक सर्वमान्य पट्टी वापरात होती. गाठ आक्रसली तर यश, नाही तर नाही. २००८ साली सोराफेनिबची ६०२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध घेतलेल्यांपैकी जेमतेम २ टक्के रुग्णांत गाठ या पट्टीप्रमाणे लहान झाली होती. तरीही त्यांचे मध्यम आयुर्मान ७.९ ऐवजी १०.७ महिने भरले. टेसमध्येही तेच दिसते. रक्त तुटलेली गाठ आतून मरते, पण मेलेली गाठ लगेच लहान होत नाही. तितकीच राहते, कधी सुजून मोठीही दिसते. व्यास मोजणारा म्हणेल, काही फरक नाही. म्हणून २०१० साली पट्टी बदलली. आता गाठीचा फक्त तोच भाग मोजायचा, जो धमनीच्या टप्प्यात अजून उजळतो, म्हणजे जिवंत आहे. त्यातही लिपिओडॉल सीटीवर पांढरेशुभ्र दिसते आणि शेजारचा जिवंत भाग झाकू शकते, तेव्हा एमआरआयचा आधार घ्यावा लागतो. इतके सांगण्याचे कारण असे की संगणकाला आपण ‘लागू पडले’ आणि ‘नाही पडले’ असे दोन गठ्ठे करून शिकवतो. गठ्ठे करणाऱ्याची पट्टी चुकीची असेल तर यंत्र तीच चूक मन लावून शिकते.

आता संगणक पाहतो ते काय? सीटीचे चित्र आपल्याला काळे-पांढरे दिसते, पण यंत्राच्या लेखी तो आकड्यांचा ढीग असतो. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या नावाच्या मापात पाणी शून्य, हवा उणे हजार, आणि प्रत्येक बारीक ठोकळ्याला असा एक आकडा. या शोधासाठी त्यांना आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल मिळाले. रेडिओलॉजिस्टचा सरावलेला डोळा या ढिगातून आकार, कडा, उजळपणा टिपतो. संगणक त्यापलीकडे आकड्यांची मांडणी मोजतो. एका ताटात भात एकीकडे आणि वरण दुसरीकडे वाढले आहे, दुसऱ्या ताटात तितक्याच तांदळाची आणि डाळीची खिचडी आहे. दोन्ही ताटांत तांदूळ आणि डाळ सारखीच, पण पदार्थ वेगळा. गाठींचेही असेच असते. सरासरी उजळपणा सारखा असलेल्या दोन गाठींपैकी एकीत जिवंत आणि मृत भाग वेगवेगळे असतात, दुसरीत ते एकमेकांत मिसळलेले असतात. शेजारशेजारच्या ठोकळ्यांत कोणता आकडा कोणाजवळ किती वेळा बसतो, हे मोजून हा फरक आकड्यात पकडता येतो. गंमत म्हणजे हे गणित वैद्यकाचे नाही. रॉबर्ट हॅरॅलिक, के. षण्मुगम आणि इत्झाक डिन्स्टाइन यांनी १९७३ साली ते मांडले ते वालुकाश्मांची सूक्ष्मचित्रे, विमानातून घेतलेली जमिनीची छायाचित्रे आणि उपग्रहाची चित्रे ओळखण्यासाठी. खडक आणि शेते ओळखणारे गणित पुढे गाठींवर आले, आणि २०१२ च्या सुमारास या सगळ्याला ‘रेडिओमिक्स’ असे नाव मिळाले. त्यानंतर आलेल्या डीप लर्निंगमध्ये काय मोजायचे हेही माणूस सांगत नाही. यंत्र चित्रांवरून स्वतःच शोधते.

याचा उपयोग किती होतो? ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातल्या संशोधकांनी २०१९ साली टेस घेतलेल्या १०५ रुग्णांचे उपचाराआधीचे सीटी घेऊन असे एक यंत्र शिकवले. आजाराचा नेहमीचा टप्पा एवढाच विचारात घेतला तर टेस लागू पडेल की नाही याचा अंदाज सुमारे ६३ टक्के वेळा बरोबर आला. त्यात चित्रातून मोजलेली वैशिष्ट्ये घातली तेव्हा तो सुमारे ७४ टक्क्यांवर गेला. शंभर रुग्णांमागे अकरा जास्त बरोबर. हे कमी नाही. पण शंभरांत सव्वीस अजूनही चुकतात. शिवाय रुग्णसंख्या लहान असल्याने खरा आकडा ६४ ते ८२ यांत कुठेही असू शकतो, हे संशोधकांनीच दिले आहे. म्हणजे खालचे टोक धरले तर यंत्राशिवायच्या ६३ पेक्षा फारसा फरक उरत नाही. अशा निकालाला ‘आशादायक’ म्हणावे. ‘सिद्ध’ म्हणू नये.

त्याच वर्षी चीनमधल्या मोठ्या अभ्यासातून अगदी साधा हिशेब पुढे आला. सर्वांत मोठ्या गाठीचा व्यास सेंटिमीटरमध्ये घ्या, त्यात गाठींची संख्या मिळवा. बेरीज सहापर्यंत असेल तर टेस घेतलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान ४९.१ महिने, सहा ते बारा असेल तर ३२, बाराच्या वर गेली तर १५.८. यकृत चांगले असलेल्या, टेससाठी योग्य अशा निवडक रुग्णांचे हे आकडे आहेत. ते सरसकट सगळ्यांना लावू नयेत. पण ही बेरीज केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलने करता येते. एखादी कंपनी यंत्र घेऊन आली तर तिला पहिला प्रश्न हाच विचारावा, की तुमचे यंत्र या बेरजेला हरवते का आणि कितीने?

हा प्रश्न खोचकपणे विचारलेला नाही. २०१४ साली फुप्फुसाच्या आणि डोके-मानेच्या कर्करोगांसाठी रेडिओमिक्सची एक ‘स्वाक्षरी’ प्रसिद्ध झाली आणि खूप गाजली. टोरांटोतल्या संशोधकांनी पुढे ती तपासली, त्याचा अहवाल २०१९ चा आहे. त्यांनी गाठीची बाह्यरेषा तशीच ठेवली आणि आतले आकडे पत्ते पिसावेत तसे पिसून टाकले. खिचडी आणि वरणभात यांतला सगळा फरकच नाहीसा केला. तरी स्वाक्षरीचे भाकीत होते तितकेच बरोबर राहिले. कारण ती प्रत्यक्षात गाठीचे आकारमान मोजत होती. इतक्या मोठ्या गणितातून निघाले काय, तर मोठी गाठ वाईट. दुसरे उदाहरण छातीच्या एक्स-रेचे आहे. न्यूमोनिया ओळखायला शिकवलेले यंत्र दुसऱ्या रुग्णालयात नेल्यावर बहुतेक वेळा कमी पडले, असे २०१८ साली अमेरिकेतल्या संशोधकांना आढळले. एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे हे यंत्र जवळजवळ अचूक ओळखू शकत होते. ज्या रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, तिथला एक्स-रे दिसला की न्यूमोनिया म्हणायचे, ही पळवाट त्याला उपलब्ध होती. परीक्षेत पाठांतर करून पास होणारा विद्यार्थी आणि हे यंत्र यांत फार फरक नाही.

यकृताच्या स्कॅनमध्ये अशा पळवाटा भरपूर आहेत. धमनीचा टप्पा दहा-पंधरा सेकंद हुकला की तीच गाठ कमी उजळ दिसते. कॉन्ट्रास्ट कमी दिला, हृदय अशक्त असल्याने तो उशिरा पोहोचला, यंत्र दुसऱ्या कंपनीचे असले, काप जाड घेतले, की आकडे बदलतात. आमच्याकडे रुग्ण येतात ते तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी काढलेला स्कॅन घेऊन. त्यात कित्येकदा एकच टप्पा असतो, कधी फक्त फिल्म असते आणि सीडी नसते. फिल्मवर मूळ आकडे नसतातच. अशा स्कॅनवरून निदानच नीट होत नाही, तिथे भाकिताची गोष्ट दूरच. काही लाखांचे सॉफ्टवेअर घेण्याआधी यकृताचा सीटी तीन टप्प्यांत आणि ठरलेल्या वेळेला काढला जाईल एवढी लेखी सूचना प्रत्येक सीटी केंद्रात लावली, तर या वर्षीच रुग्णांचा जास्त फायदा होईल. त्याला पैसे लागत नाहीत.

आता उत्तरांकडे येऊ. यंत्राला शिकवायला प्रश्न आणि उत्तर दोन्ही लागतात. प्रश्न म्हणजे उपचाराआधीचा स्कॅन. उत्तर म्हणजे चार ते सहा आठवड्यांनंतरचा स्कॅन आणि नंतर रुग्ण किती जगला, कसा जगला. प्रश्नांचा साठा मोठ्या सरकारी रुग्णालयांत भरपूर आहे. उत्तरे फार थोडी आहेत, कारण बरेच रुग्ण परत येत नाहीत. कोणाला बरे वाटले म्हणून येत नाहीत. कोणाचा रोज बुडतो. ऊसतोडीला गेलेले कुटुंब उन्हाळ्याआधी गावी परतत नाही. कोणाला कावीळ वाढल्यावर घरच्यांनी ‘आता तिकडे नेऊन काय करायचे’ म्हणून घरीच ठेवलेले असते. केसपेपरवर जो फोन नंबर असतो तो बरोबर आलेल्या पुतण्याचा असतो आणि सहा महिन्यांनी तो लागत नाही.

समजा शंभर जणांना टेस दिली. साठ परत आले आणि त्यांपैकी पंचेचाळीस जणांची गाठ मेलेली दिसली. नोंदवहीप्रमाणे यश ७५ टक्के. पण उरलेले चाळीस? ते सगळे अपयशी धरले तर यश ४५ टक्के, सगळे यशस्वी धरले तर ८५. खरे उत्तर या दोन टोकांत कुठेतरी आहे आणि ते शोधल्याशिवाय कळणार नाही. या नोंदवहीवर शिकलेले यंत्र एसटीचे भाडे परवडणाऱ्या, घरात कोणी सोबत येणारे असलेल्या रुग्णांबद्दल शिकेल. जे आले नाहीत त्यांच्यासारख्या पुढच्या माणसाबद्दल ते तितक्याच आत्मविश्वासाने आकडा सांगेल, पण तो आकडा त्याचा नसेल. बाहेरच्या देशात शिकलेले यंत्र आणले तरी सुटका नाही. बार्सिलोनाचे ६३ आणि हाँगकाँगचे ३१ आठवावेत. आपल्या रुग्णांत बी आणि सी बरोबर दारू आणि मधुमेहही आहे, आणि तो उशिरा येतो. त्याचे उत्तर ह्यूस्टनच्या किंवा ग्वांगझूच्या संगणकात आयते ठेवलेले नाही.

हे काम आपल्याला जमणार नाही असे म्हणायला महाराष्ट्रात तरी जागा नाही. देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्णालयात बसून खेड्यातल्या रुग्णांची वाट पाहिली तर नोंद अपुरी राहणार, हे ओळखून तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, कर्करोगाची लक्षणे समजावली, संशयितांना तपासणीला आणले आणि मृत्यूंचीही माहिती मिळवली. तेव्हा ना मोबाइल होता, ना संगणकावरची फाइल. आज प्रत्येक गावात आशाताई आहेत. टेस झालेल्या रुग्णाचे सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने काय झाले, एवढे तीन प्रश्न विचारायला प्रत्येक मोठ्या रुग्णालयात एक माणूस, एक फोन आणि दोन-तीन नातेवाइकांचे नंबर लिहायची शिस्त पुरेशी आहे. पण या माणसाच्या पगाराची तरतूद करण्यापेक्षा सॉफ्टवेअरचे उद्घाटन करणे नेहमीच सोपे असते.

आणि समजा, हे सगळे जमले. चांगला स्कॅन आहे, आपल्याच रुग्णांवर तपासलेले यंत्र आहे, आणि ते एका रुग्णाबद्दल सांगते की टेस लागू पडायची शक्यता २० टक्के. मग काय करायचे? हा प्रश्न शोधनिबंधांत सहसा येत नाही, पण वॉर्डात पहिल्याच दिवशी येईल. ज्या रुग्णाला लाखांच्या घरातली नवी औषधे परवडतात किंवा एखाद्या योजनेतून मिळतात, त्याच्यासाठी हा आकडा मोलाचा आहे. यकृत न दमवता थेट त्या औषधांकडे जाता येईल. ज्याला दुसरे काहीच मिळणार नाही, त्याच्यासाठी हाच आकडा ‘नाही’ म्हणायचे कारण बनू शकतो. टेसच्या यादीत खूप नावे, कॅथलॅबचे दिवस मोजके, लिपिओडॉलचा तुटवडा, अशा वेळी कमी आकड्याचे नाव आपोआप खाली सरकेल. कोणी मुद्दाम अन्याय करणार नाही. आकडा होता, एवढेच सांगितले जाईल. आणि यंत्र कोणाबाबत जास्त चुकते? ज्यांच्यासारखे रुग्ण त्याने शिकताना कमी पाहिले, त्यांच्याबाबत. ते नेमके हेच, परत न आलेले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की सरकारी रुग्णालयांत अशा यंत्राचा आकडा केवळ एकट्याच्या बळावर कोणालाही उपचार नाकारण्यासाठी वापरता येणार नाही, असा नियम यंत्र येण्याआधी व्हावा. आकडा कमी आला तर तो रुग्ण ट्यूमर बोर्डापुढे जावा, म्हणजे यकृततज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, शल्यचिकित्सक आणि कर्करोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून त्याचा विचार करावा, आणि टेसऐवजी काय देता येईल ते लिहावे. ‘काही नाही’ असे लिहायचे असेल तर वेदना आणि पोटातले पाणी यांची काळजी कोण घेणार, हेही लिहावे. यंत्र बसवल्यावर पहिले वर्ष ते मुके ठेवावे. ते अंदाज नोंदवेल, पण तो डॉक्टरला दिसणार नाही. वर्षाखेरीस अंदाज आणि प्रत्यक्ष निकाल शेजारी ठेवून पाहावेत, आणि पेन्सिलची बेरीजही तिसऱ्या रकान्यात असावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्यसेवेतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी २०२३ साली नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत; माणसाची देखरेख आणि जबाबदारी निश्चित असणे यांवर त्यांत भर आहे. खरेदीच्या निविदेत या अटी घालायला कोणाची हरकत असू नये.

हे सारे होईपर्यंत रुग्णांच्या नातेवाइकांनी करण्यासारख्या काही गोष्टी आहेत. यकृताचा सीटी किंवा एमआरआय काढताना तो तीन टप्प्यांचा आहे का, हे विचारावे. फिल्मबरोबर सीडी मागून घ्यावी आणि जुन्या सीडी टाकून देऊ नयेत. नव्या स्कॅनची तुलना जुन्याशी करूनच गाठ मेली की नाही ते कळते. टेस झाल्यावर बरे वाटत असले तरी चार ते सहा आठवड्यांनी तपासणीला यावे. केसपेपरवर दोन नंबर लिहावेत, त्यातला एक गावात कायम राहणाऱ्या माणसाचा असावा. येणे शक्य नसेल तर तसे कळवावे. आणि रुग्ण घरी दगावला असेल तर, दुःखाचे दिवस सरल्यावर, रुग्णालयाला तारखेसह एक फोन करावा.